कबुतरांच्या शिकारीस परवानगी कोणाची?

इंग्लंडांतील जमीनजुमल्याचे जुने पट्टे ज्यांनीं चाळले असतील त्यांस एक कलम पुनःपुन्हा आढळलें असेल. जमीन कुळास लावून दिली, तींतील माती, पाणी, गवत व पीक त्याच्या हवालीं केलें, पण त्याच जमिनीवर शिकार करण्याचा हक्क मात्र मालकानें आपणांकडे राखून ठेविला, असा त्या कलमाचा मतलब असतो. आपल्याकडील इनामपत्रांत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित' अशी हक्कांची जी माळ गुंफलेली असते तींत जमिनीखालचें धनही येतें. परंतु जमिनीवरून उडणाऱ्या पांखराचें नांव तींत नाहीं. दख्खनच्या कुणब्यानें माळ्यावर बसून गोफण फिरवावी आणि पांखरें उडवावीं, त्यासाठीं त्यास कोणाची सनद लागत नसे. युरोपांत तसें नव्हतें. तेथें शेतावर उतरलेल्या कबुतरास मारण्याचा हक्क हा शेंकडों वर्षें वादाचा विषय होता, त्यावर कायदे झाले, निवाडे झाले, आणि एका देशांतील राज्यक्रांतीच्या पहिल्या ठरावांत त्यास दुसऱ्या क्रमांकाची जागा मिळाली. पुढें मिसर देशांतील एका खेड्यांत ह्याच प्रश्नावरून माणसें फांसावर गेलीं. ह्या हक्काची व त्यासाठीं घ्यावयाच्या परवानगीची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देत आहोंत; कारण त्या देशांचे कागद संग्रहीं ठेवणारांस त्यांतील 'परवानगी' हा शब्द वाटतो तितका सरळ नाहीं.

प्रथम पक्षी कोणता तें सांगणें अवश्य आहे. आपल्या देवळांच्या शिखरांवर व वाड्यांच्या वळचणींत राहणारा पारवा आणि युरोपांत पाळीव झालेलें कबूतर हीं एकाच जातीचीं. मूळचा हा कडेकपारींत राहणारा पक्षी. म्हणूनच माणसानें बांधलेल्या खोबणींत तो सहज रमतो. इंग्लंडांतील शेतकरी आज ज्याच्या नांवानें बोटें मोडतो तें रानकबूतर मात्र निराळें. तें झाडावर काटक्यांचें घरटें करितें, आकारानें पारव्याहून बरेंच मोठें असून वजनानें सुमारें अर्धा किलो भरतें, आणि त्याच्या मानेस दोहों बाजूंस पांढरा डाग असतो. तें कोणी पाळीत नाहीं. पहिलें मालकाचें, दुसरें कोणाचेंच नाहीं; ह्या एका भेदावर पुढील सर्व कायदा उभा आहे. कागदांत नुसतें 'कबूतर' असें लिहिलेलें असल्यास तें कोणतें, हें वाचणारानें आधीं ठरवावें.

मध्ययुगांत व त्यानंतरही बरेच दिवस शेतकऱ्याची तक्रार असे ती पाळीव कबुतराविषयीं. नॉर्मन लोकांनीं कबुतरखान्याची चाल इंग्लंडांत रुजविली. गोल किंवा चौकोनी दगडी बुरूज, आंत भिंतीभर शेंकडों खोबण्या, वर पांखरांस ये-जा करण्यापुरतें छिद्र, असें ह्या इमारतीचें स्वरूप असे. हिवाळ्यांत ताजें मांस मिळण्याची पंचाईत असलेल्या काळांत पिलांचें कोंवळें मांस ही मोठी सोय होती; विष्ठेचें खत उत्तम; आणि बुरुजाच्या जमिनींत मुरलेल्या विष्ठेपासून दारूस लागणारा सोरा निघत असे. ह्या सोऱ्यापायीं चार्ल्स पहिला ह्याच्या कारकीर्दीच्या आरंभीं कबुतरखान्यांत फरसबंदी करूं नये असा जाहीरनामा निघाला होता, इतकें राजाचें लक्ष त्या घाणीवर होतें! सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत २६,००० कबुतरखाने होते असा एक आंकडा पुस्तकांतून फिरत आलेला आहे. तो मोजणीचा नव्हे, अटकळीचा आहे, व आम्ही त्यावर भार ठेवीत नाहीं.

पण हीं कबुतरें खात कोणाचें? मालक त्यांस हिवाळ्यांतील कांहीं आठवडे दाणे टाकी; एरवीं तीं आसपासच्या शेतांवर पोट भरीत. पेरणीच्या वेळीं पेरलेलें बीं, कापणीच्या वेळीं उभें कणीस, असा त्यांचा क्रम. कबुतरखाना बांधण्याचा हक्क मुळांत गांवच्या जमीनदारास, फार तर चर्चच्या धर्माधिकाऱ्यास. म्हणजे मांस व खत जमीनदाराचें आणि दाणा कुळाचा, असा हा व्यवहार होता. स्कॉटलंडांत १६१७ सालीं कायदा झाला कीं, ज्याची दोन मैलांच्या आंत दहा चाल्डर धान्य खंडाची जमीन नसेल त्यानें कबुतरखाना बांधूं नये. चाल्डर हें तिकडील धान्याचें मोठें माप. ह्या कायद्यामागें न्यायाची थोडी जाणीव दिसते. ज्याचीं पांखरें त्याच्याच शेतावर बहुतांशीं चरावीं, हा हेतु.

इंग्लंडांतील न्यायाधीशांनीं मात्र निराळी वाट धरिली. १५९७ सालच्या बोलस्टन प्रकरणांत प्रश्न सशांचा होता. एकानें आपल्या जमिनींत ससे वाढविले व ते शेजाऱ्याचें पीक खाऊं लागले. शेजाऱ्यास नुकसानभरपाई मागतां येत नाहीं असें न्यायालयानें ठरविलें. कारण असें दिलें कीं, ससा शेजाऱ्याच्या हद्दींत शिरतांच मूळ मालकाचा हक्क सुटतो व शेजारी त्यास मारूं शकतो. हेंच तत्त्व कबुतरांस लावावें तर शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उतरलेलीं पांखरें मारावीं व गप्प बसावें, असें निष्पन्न होतें. परंतु अवघ्या सात वर्षांनीं, १६०४ सालीं, पहिल्या जेम्सच्या कायद्यानें बंदूक किंवा धनुष्य वापरून घरचें कबूतर मारणारास दर पांखरामागें वीस शिलिंग दंड, न दिल्यास तीन महिने कैद, अशी शिक्षा ठेविली. वीस शिलिंग म्हणजे त्या काळच्या शेतमजुराची सुमारें महिन्याची मजुरी. नुकसानीची दाद मागूं नकोस, कारण तूं पांखरूं मारूं शकतोस. आणि मारशील तर महिन्याची मजुरी भर! न्यायालय व कायदेमंडळ ह्यांच्या कात्रींत सांपडलेल्या त्या शेतकऱ्याची स्थिति वाचकांनीं मनांत आणावी. १७६२ सालीं हाच वीस शिलिंगांचा दंड नव्या कायद्यानें पुन्हा पक्का करण्यांत आला.

फ्रान्स देशांत हा अन्याय अधिक ठळक होता. तेथें कबुतरखाना ही केवळ सोय नव्हती, तें सरदारकीचें चिन्ह होतें. ज्याच्या खोबण्या पायापासून माथ्यापर्यंत आहेत असा स्वतंत्र बुरूज बांधणें हा कित्येक प्रांतांत जहागीरदाराचाच मान. नॉर्मंडींत तो विशिष्ट दर्जाच्या जहागिरीपुरताच असे. पॅरिसच्या रूढिसंहितेंत साधारण माणसासही पन्नास आर्पां जमीन असल्यास कमी दर्जाचा कबुतरखाना ठेवतां येई. बुरूज जितका उंच तितका घराण्याचा मान मोठा, आणि तितकींच शेतावर उतरणारीं पांखरेंही अधिक. शेतकऱ्यानें त्यांस मारावयाचें नाहीं. शिकारीचा हक्कही जहागीरदाराचाच असल्यामुळें ससा, हरिण व कबूतर ह्या तिघांनींही त्याचें शेत खावें व त्यानें हातावर हात ठेवून पाहावें, असा प्रकार होता.

१७८९ सालीं राजानें तिन्ही वर्गांची सभा (इस्टेट्स-जनरल) बोलाविली तेव्हां गांवोगांवच्या लोकांनीं आपल्या तक्रारींच्या वह्या लिहून धाडिल्या. ह्या वह्या हजारोंनीं शिल्लक आहेत, पुष्कळ छापल्या गेल्या आहेत, आणि कागदपत्रांच्या अभ्यासकांस त्यांसारखी दुसरी खाण क्वचित् सांपडेल. करांच्या व मिठाच्या तक्रारींच्या जोडीस त्यांत कबुतरें वारंवार येतात. तीं पेरणींत व कापणींत कोंडून ठेवावीं, निदान आपल्या शेतांत त्यांस मारण्याची आम्हांस मोकळीक असावी, एवढेंच मागणें. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून निघालेल्या क्रांतीची कथा सर्वांच्या तोंडीं आहे. पेरलेल्या बियांच्या चिंतेंतून निघालेली ही दुसरी कथा आम्हांस तितकीच खरी वाटते.

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्रीं राष्ट्रसभेंत जहागीरदारांनीं एकामागून एक उठून आपले हक्क सोडले, हें प्रसिद्धच आहे. त्या रात्रींतून जो ठराव ११ ऑगस्टपर्यंत आकारास आला त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिल्या कलमानें सरंजामी व्यवस्था नष्ट केली. दुसरें कलम कबुतरखान्यांचें. शिकारीचा खास हक्क तिसऱ्या कलमांत, जमीनदारी न्यायालयें चौथ्यांत, आणि चर्चचा दशमांश कर पांचव्यांत. दुसऱ्या कलमाचा आशय असा: कबुतरखान्याचा खास हक्क रद्द केला आहे, गांवसमाज ठरवील त्या मुदतींत कबुतरें कोंडून ठेवावीं, त्या मुदतींत तीं बाहेर आढळल्यास शिकारीचे पक्षी समजावीं, आणि प्रत्येकास आपल्या जमिनीवर त्यांस मारण्याचा हक्क असावा. ह्यांत कबूतर मूळचेंच रानटी ठरविलें नाहीं. वर्षाच्या एका भागांत तें मालकाचें, दुसऱ्या भागांत ज्याच्या शेतांत उतरेल त्याचें, अशी ही तोड आहे. आणि ती मुदत ठरविण्याचा अधिकार राजाकडे किंवा जहागीरदाराकडे न ठेवतां गांवाकडे दिला आहे. १८८९ च्या कायद्यानें तो अधिकार प्रांताधिकाऱ्याकडे गेला, पण बंद मुदतींत शेतकऱ्यानें आपल्या शेतांतील पांखरें मारावीं हें तत्त्व तसेंच राहिलें. क्रांतीनंतर कित्येक बुरूज ओस पडले व कित्येक पाडले गेले. जे उभे आहेत ते आतां प्रवाशांस दाखविण्याच्या वस्तु झाल्या आहेत.

इंग्लंडांत असा एका रात्रींतला बदल झाला नाहीं. तेथें निवाड्यावर निवाडा रचत गोष्ट पुढें सरकली. १८६१ च्या चोरीविषयक कायद्यानें दुसऱ्याचें घरचें कबूतर बुद्धिपुरस्सर व बेकायदा मारणें हा गुन्हा ठेविला होता. एका शेतकऱ्यानें आपल्या शेतांत दाणे खाणारीं शेजाऱ्याचीं कबुतरें मारल्यावरून त्यास खालच्या न्यायालयानें दोषी ठरविलें. १८६३ सालीं टेलर विरुद्ध न्यूमन ह्या नांवानें तें प्रकरण वर गेलें, आणि पिकाच्या रक्षणाचा आपणांस हक्क आहे अशा प्रामाणिक समजुतीनें केलेल्या कृत्यास तें कलम लागू नाहीं असा निर्णय होऊन शिक्षा रद्द झाली. १९४८ सालच्या हॅम्प्स विरुद्ध डार्बी ह्या प्रकरणानें कांटा पुन्हा थोडा उलट फिरविला. शर्यतीचीं पाळीव कबुतरें वाटाण्याच्या शेतांत उतरलीं व शेतकऱ्यानें तीं गोळी घालून मारिलीं. अपील न्यायालय म्हणालें, ज्या पांखरास घरीं परतण्याची बुद्धि आहे त्यावरील मालकी तें उडून बाहेर गेल्यानें सुटत नाहीं; आणि पीक वांचविण्याचा दुसरा व्यवहार्य उपाय नव्हता हें शेतकऱ्यानें दाखविलें नाहीं, तर त्यानें भरपाई द्यावी. बोलस्टन प्रकरणापासून ह्या निवाड्यापर्यंत साडेतीनशें वर्षें झालीं. 'आधीं उडवून पाहिलें होतें काय?' हा प्रश्न न्यायालयानें विचारावयास एवढा काळ लागला. आपली गोफण ह्या परीक्षेंत सहज उतरली असती.

आजच्या इंग्लंडांतील तंटा पाळीव कबुतरांचा फारसा उरलेला नाहीं. तो रानकबुतरांचा आहे. ब्रिटनमध्यें त्यांच्या सुमारें पन्नास लाख जोड्या असल्याचा अंदाज आहे. पूर्वीं हिवाळ्यांत त्यांचा निर्वाह बहुतांशीं क्लोव्हर गवतावर होई, व बर्फाळ वर्षीं पुष्कळ मरत. १९७० नंतर रेप नांवाच्या, मोहरीच्या जातीच्या तेलबियांची लागवड तिकडे फार वाढली. हें पीक हिवाळाभर शेतांत हिरवें उभें असतें. थंडीच्या दिवसांत कबुतरांस आयतें अन्नछत्र सांपडलें. थवेच्या थवे उतरून कोंवळीं पानें खुडतात, कोबीवर व वाटाण्यावर बसतात, वाऱ्यानें लोळलेलें धान्य टिपतात. शेतकऱ्यास स्वतः बंदूक घेऊन दिवसभर बसण्यास वेळ नसतो. दुसऱ्या बाजूनें गांवांत व शहरांत बंदुकीचे शौकी पुष्कळ, पण त्यांस स्वतःची जमीन नाहीं. अशा रीतीनें शेतकऱ्याकडे जाऊन परवानगी मागण्याची चाल वाढली. दोघांचीही त्यांत सोय आहे.

ह्या परवानगीस १९८१ च्या वन्यजीव व ग्रामप्रदेश कायद्यांत अर्थ आहे. त्यांत 'अधिकृत व्यक्ति' म्हणून जी संज्ञा आहे तींत जमिनीचा मालक, ती वहिवाटणारा, आणि त्या दोघांपैकीं एकानें अधिकार दिलेला मनुष्य, असे तिघे येतात. रानकबूतर मारण्यास सरकारी सर्वसाधारण परवाना आहे. तो कोणास अर्ज करून घ्यावा लागत नाहीं, परंतु त्याच्या अटी पाळाव्या लागतात. पिकाचें गंभीर नुकसान टाळणें हाच हेतु असावा, केवळ मौज नव्हे. भिवविणें, जाळी लावणें असे इतर उपाय योग्य रीतीनें योजलेले असावे. म्हणजे १९४८ च्या निवाड्यांतील प्रश्न आतां रानटी पांखरासही लागू झाला आहे. शिवाय १९६८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें दुसऱ्याच्या जमिनींत अधिकाराशिवाय बंदूक घेऊन शिरणें हाच गुन्हा आहे, मग एकही पांखरूं पडो वा न पडो.

परवानगी मागणारानें शेतकऱ्याच्या दारीं जाऊन प्रथम विचारावयाचें तें हें कीं, ह्या शेतावरील शिकारीचा हक्क कोणाकडे आहे. आरंभीं सांगितलेलें पट्ट्यांतील कलम येथें आडवें येतें. कूळ 'या' म्हणेल, पण हक्क मालकानें राखलेला असेल, किंवा मालकानें तो तिसऱ्याच शिकारी मंडळास भाड्यानें दिलेला असेल, तर पिकाच्या रक्षणापुरती कुळाची अनुमति कोठवर पोंचते हें पाहावें लागतें. १८८० च्या कायद्यानें जमीन कसणारास ससे मारण्याचा असा हक्क दिला कीं जो करारानेंही काढून घेतां येत नाहीं. कबूतर त्या कायद्यांत नाहीं. म्हणून जाणते लोक तोंडी होकारावर न थांबतां दोन ओळी लिहून घेतात: कोणतीं शेतें, कोणते पक्षी, कोणत्या महिन्यांत. बाकीचा भाग रीतीभातीचा आहे. जाण्यापूर्वीं वर्दी द्यावी, गुरें असलेल्या कुरणांत बार काढूं नये, फाटकें लावून घ्यावीं, काडतुसांच्या रिकाम्या नळ्या वेंचाव्या, घरीं परततांना दोन पांखरें शेतकऱ्याच्या दारांत ठेवावीं. असे हे चार-पांच नेम पाळणारासच दुसऱ्या वर्षीं बोलावणें येतें.

ही सर्वसाधारण परवानगी किती नाजूक आहे हें २०१९ सालीं दिसून आलें. पक्षिरक्षणवाद्यांच्या एका नव्या संस्थेनें तिच्या कायदेशीरपणास हरकत घेतली, आणि २५ एप्रिल रोजीं सरकारी खात्यानें ते परवाने एकाएकीं मागें घेतले. वसंतांतील पिकें उगवत होतीं. शेतकरी चिडले, पक्षिप्रेमी हर्षले. थोड्याच दिवसांत रानकबुतरासाठीं नवा परवाना काढावा लागला. ह्या वादांत आमचें मन दोन्हीकडे ओढतें. नुकसान खरें आहे. पण नुकसान झालें आहे कीं नाहीं हें कोणी तपासावयाचें, हा हरकत घेणारांचा प्रश्नही खोटा नाहीं.

आतां मिसर देशाकडे वळूं. येथें नातें उलटें आहे. येथें कबुतरें शेतकऱ्याचीं आणि बंदूक परक्याची. नाईल नदीच्या मुखाकडील प्रदेशांत खेड्याखेड्यांतून मातीचे उंच, निमुळते कबुतरखाने दिसतात. इराणांत इस्फहानच्या आसपास असे तीन हजारांवर बुरूज आहेत असें शार्दें ह्या फ्रेंच प्रवाशानें सतराव्या शतकांत लिहिलें; तेथें त्यांचें खत खरबुजांच्या मळ्यांस जाई. मिसरांतही मांस आणि खत हें दुहेरी उत्पन्न गरिबाच्या घरीं येतें. पांखरें दिवसा शेतांवर चरतात, पण तीं गांवाचींच असल्यामुळें त्यांविरुद्ध तक्रार ती काय असणार? फ्रान्समधील जहागीरदाराचा बुरूज आणि येथील शेतकऱ्याचा बुरूज दिसण्यांत एकाच कुळींतले, पण धनी निराळा.

मनूफिया प्रांतांतील दिन्शवाई हें असेंच एक खेडें. १३ जून १९०६ रोजीं कैरोहून अलेक्झांड्रियाकडे कूच करणाऱ्या ब्रिटिश घोडेस्वार शिपायांची सुमारें दीडशें लोकांची तुकडी सुमारें पांच मैलांवरील कमशीश येथें उतरली होती. तींतील पांच अधिकारी कबुतरें मारण्यास दिन्शवाईस आले. आदल्या वर्षींही तेथें अशी शिकार झाली होती, व ती गांवकऱ्यांस रुचली नव्हती. ह्या खेपेस त्या भागांतील एका मोठ्या जमीनदारानें अधिकाऱ्यांस गाड्या दिल्या. बरोबर दुभाष्या व पोलीस होता. गांवच्या उमद्यास, म्हणजे आपल्या भाषेंत पाटलास, वर्दी द्यावयाची होती. पण उमदा गांवांत नव्हता. तो येण्यापूर्वींच बार निघूं लागले. लवकरच खळ्यावरील धान्यास आग लागली. ती बंदुकीनें लागली असें गांवकऱ्यांचें म्हणणें, ती खूण म्हणून गांवकऱ्यांनींच लावली असें फिर्यादीचें. बंदुका हिसकावण्याच्या झटापटींत बार उडाला व महंमद अब्द अन्-नबी ह्याची बायको जखमी झाली. आणखी कांहीं गांवकरीही जखमी झाले. मग लाठ्या चालल्या. कॅप्टन बुल हा डोक्यास मार लागलेल्या स्थितींत भर दुपारीं छावणीकडे धांवत निघाला आणि वाटेंत पडून मेला. वैद्यकीय साक्ष उन्हाचा झटका अशी होती. मदतीस धांवलेल्या शिपायांच्या मारानें एक शेतकरी मेला. त्याबद्दल कोणावर खटला झाला नाहीं.

गांवकऱ्यांवरील खटला १८९५ च्या हुकुमानें निर्मिलेल्या खास न्यायालयापुढें शिबीन अल्-कोम येथें चालला. ह्या न्यायालयास फौजदारी कायद्याचें बंधन नव्हतें व त्यावर अपील नव्हतें. अध्यक्ष बुत्रूस घाली. पांच न्यायाधीशांपैकीं तीन इंग्रज. बावन्न आरोपी. तीन-चार दिवसांत काम आटोपून २७ जून रोजीं निकाल झाला: चौघांस फांशी, दोघांस जन्मठेप, एकास पंधरा वर्षें, सहांस सात वर्षें, तिघांस एक वर्ष कैद व पन्नास फटके, पांचांस पन्नास फटके. एकंदर एकवीस. ज्याची बायको जखमी झाली तो अब्द अन्-नबी जन्मठेपेवाल्यांत होता. दुसऱ्या दिवशीं दिन्शवाईंतच, गांवकऱ्यांच्या डोळ्यांदेखत, हसन महफूझ, यूसुफ सलीम, सय्यद ईसा सलीम व महंमद दरवीश झहरान ह्यांस एकामागून एक फांशी देण्यांत आली, आणि दोन फांशांच्या मधल्या वेळांत इतरांस फटके मारण्यांत आले.

ह्या प्रकरणीं इंग्लंडच्या सरकारनें जो पत्रव्यवहार १९०६ सालीं पार्लमेंटापुढें ठेविला त्याचें शीर्षकच दिन्शवाई येथें ब्रिटिश अधिकाऱ्यांवर झालेल्या हल्ल्याविषयीं असें आहे. मिसरी लोक त्यास 'दिन्शवाईची घटना' म्हणतात. एका मथळ्यांत निकाल आधींच दिलेला आहे, हें कागद वाचणारानें ध्यानांत धरावें. त्यांतील परवानगीचा वाद वाचतांना आमच्या ध्यानीं येतें तें असें कीं, उमद्यास वर्दी मिळाली कीं नाहीं, जमीनदाराचें निमंत्रण होतें कीं नाहीं, पोलीस बरोबर होता कीं नाहीं, ह्यांचा कीस पाडलेला आहे; पण उमदा त्या कबुतरांचा मालक नव्हता, जमीनदार नव्हता, पोलीस तर नव्हताच. ज्यांचे बुरूज होते त्यांपैकीं कोणास विचारलें, हा प्रश्न बाजूस पडतो. फ्रान्समध्यें १७८९ सालीं गांवाकडे दिलेला अधिकार येथें गांवाच्या मुख्याच्या होकारांत गुंडाळून टाकला गेला. आपल्याकडील १७१५ च्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड तोडण्याचा जो नियम आहे त्याची आठवण येथें येते. रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर त्याच्या धन्यास राजी करून, किंमत देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें, असें तेथें रामचंद्रपंत अमात्यानें लिहिलें आहे. तेथें 'धनी' म्हणजे झाडाचा धनी. पाटील नव्हे, देशमुखही नव्हे.

ह्या सर्व काळांत मिसरचा कारभार लॉर्ड क्रोमर ह्याच्या हातीं होता. तोच एव्हलिन बेअरिंग ह्या नांवानें १८७२ पासून १८७६ पर्यंत हिंदुस्थानांत व्हाइसरॉय नॉर्थब्रुक ह्याचा खासगी चिटणीस व १८८० पासून १८८३ पर्यंत जमाखर्चाचा मंत्री होता. त्यामुळें त्याचे कागद इकडील संग्राहकांसही अपरिचित नाहींत. खटल्याच्या वेळीं तो रजेवर इंग्लंडास गेलेला होता, तरी शिक्षेचें समर्थन त्यानें केलें. मुस्तफा कामिल ह्यानें पॅरिसच्या 'फिगारो' पत्रांत ११ जुलै १९०६ रोजीं लेख लिहून युरोपापुढें फिर्याद मांडली. बर्नार्ड शॉनें १९०७ सालीं आपल्या एका नाटकाच्या प्रस्तावनेंत ह्या प्रकरणाचा समाचार घेतला. हाफिझ इब्राहीम ह्यानें त्यावर अरबी काव्य केलें. १९०७ सालीं क्रोमरनें राजीनामा दिला. बुत्रूस घाली पुढें मुख्य प्रधान झाला व २० फेब्रुवारी १९१० रोजीं इब्राहीम अल्-वर्दानी ह्या तरुणानें त्यास गोळी घातली. दिन्शवाईचा निकाल हें त्याच्यावरील आरोपांपैकीं एक होतें.

उरलेले कैदी जानेवारी १९०८ मध्यें सुटले. गांवांत आतां त्या घटनेचें संग्रहालय आहे.